खाजरी शेवळं, वारुळावरची अळंबी: रानातली दोन दिवसांची शाळा

झाडाला जागा सोडून पळता येत नाही. म्हणून रानातली वनस्पती अंगात काहीतरी बाळगून असते. कुणाच्या पानात कडवटपणा, कुणाच्या देठात खाज, कुणाच्या कंदात चक्क विष. सह्याद्रीतल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली बायकांनी या प्रत्येकावर उतारा शोधून ठेवला आहे. भाजी कोणत्या नक्षत्रात खुडायची, तिचा कुठला भाग टाकून द्यायचा, उकळलेलं पाणी किती वेळा बदलायचं, सोबत आंबट काय घालायचं, हे सगळं त्या उताऱ्यात येतं. आषाढ लागला की कर्जत, मुरबाड, जव्हार, अकोले या पट्ट्यांत शनिवार-रविवारची रानभाजी शिबिरं भरू लागतात. तिथे शहरातून आलेल्या माणसाने खरं शिकायचं असतं ते हे. भाजी ओळखता येणं ही फक्त सुरुवात.

आपल्याकडे ही परंपरा आदिवासी पाड्यांपुरती कधीच नव्हती. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा नियम घरोघरी पाळला जायचा. ऋषीची भाजी म्हणजे नांगर न लावता जे उगवतं त्याचं जेवण. अलीकडच्या वर्षांत ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव होतात आणि तिथे गर्दीही चांगली होते. पण महोत्सवात भाजी खुडलेली, निवडलेली, जुडी बांधलेली समोर येते. ती कुठल्या सावलीत वाढते, तिच्या शेजारी तिच्यासारखंच दिसणारं काय वाढतं, हे मात्र रानात गेल्याशिवाय कळत नाही.

दोन दिवसांच्या शिबिरात किती भाज्या शिकाव्यात? माझं स्पष्ट मत आहे की पाच. फार तर सहा. चाळीस नावांची छापील यादी हातात देऊन रान फिरवून आणणारी शिबिरंही असतात. त्यांतून परतलेल्या माणसाला चाळीस नावं पाठ होतात आणि एकही भाजी ठामपणे ओळखता येत नाही. जाणत्या मावशी तसं शिकवत नाहीत. त्या पान चुरगाळून वास घ्यायला लावतात, देठ मोडून चीक येतो का ते दाखवतात, पानाची मागची बाजू बोटाने चाचपायला सांगतात. ओळख डोळ्यांइतकीच नाकाला आणि बोटांना पटावी लागते. मोबाईलवर फोटो काढून नाव विचारण्याची सोय आता सगळ्यांच्या खिशात आहे. फोटोला मात्र वास येत नाही, आणि रानात बरेचदा निकाल वासावरच लागतो.

टाकळ्याचंच घ्या. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर, उकिरड्यावर टाकळ्याचे हिरवे गालिचे पसरतात. फुकट मिळणारी आणि सहज ओळखू येणारी म्हणून सगळी शिबिरं याच भाजीपासून सुरू होतात. देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. पानं टोकाला गोलसर आणि रुंद, बुडाशी निमुळती. संध्याकाळ झाली की या जोड्या एकमेकींवर मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. भाजी करायची ती फुलं येण्याआधीच्या कोवळ्या पानांची. पानं जून झाली की भाजी चरबट लागते आणि पोटालाही जड जाते. भरपूर लसूण, वर ओलं खोबरं, कुणाकडे भिजवलेली डाळ किंवा फणसाच्या आठळ्या, एवढ्यावर ही भाजी होते.

टाकळ्याच्याच कुळातलं दुसरं एक झाड त्याच उकिरड्यावर वाढतं. त्याचं नाव कासविंदा. त्याच्या पानांच्या जोड्या चार ते सहा असतात, पानांना स्पष्ट टोक असतं आणि चुरगाळल्यावर उग्र दुर्गंधी येते. या झाडाच्या बिया किती घातक आहेत हे उत्तर प्रदेशातल्या एका दीर्घ शोधातून उघडकीला आलं. राज्याच्या पश्चिम भागात दरवर्षी पावसाळा सरताना लहान मुलं अचानक बेशुद्ध होत आणि दगावत. हा मेंदूज्वर आहे, एखाद्या विषाणूचा प्रताप आहे, असंच बरीच वर्षं धरून चाललं होतं. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि ज्येष्ठ विषाणूतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनी सहकाऱ्यांसह याचा माग काढला. मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांमधल्या बिया खाल्ल्या होत्या. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदम घाला घातला होता. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणून टाकळा शिकवताना कासविंदा शेजारी ठेवून शिकवावा. पानांच्या जोड्या मोजायची सवय पहिल्याच सकाळी लागली पाहिजे.

आता शेवळं. माझ्या मते महाराष्ट्राच्या रानातली सगळ्यांत विलक्षण भाजी हीच. सुरणाच्या कुळातलं हे झाड आहे. शास्त्रीय नाव अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. ते पश्चिम घाटाच्या परिसराबाहेर आढळत नाही. वर्षातला बराच काळ त्याचा कंद जमिनीखाली निपचित पडून असतो. मृगाच्या आगेमागे, पान दिसायच्या आधीच, जमिनीतून थेट फुलोऱ्याचा जांभळट तपकिरी कोंब वर येतो. हा कोंब उमलला की त्याला सडलेल्या मांसाचा वास येतो. त्या वासाला भुलून माश्या आणि भुंगे येतात आणि परागीभवन करून जातात. याच कुळातलं एक झाड सुमात्रात आहे. इटलीचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १८७८ मध्ये त्याची नोंद केली. त्याचा फुलोरा तीन मीटरपर्यंत उंच जातो, फांद्या नसलेल्या फुलोऱ्यांत तो जगात सर्वांत मोठा मानला जातो. उमलताना तो माणसाच्या अंगाइतका गरमही होतो, म्हणजे कुजका वास दूरवर पसरतो. आपलं शेवळं हातभर उंचीचं असतं, पण घराणं तेच.

भाजीसाठी शेवळं उमलायच्या आत खुडतात, आणि इथून खरी कसोटी सुरू होते. या झाडाच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्यांनी भरलेले असतात. पेशी फुटली की त्या सुया बाहेर येतात आणि जिभेच्या, घशाच्या नाजूक अस्तरात घुसतात. कच्चं शेवळं तोंडात घालणाऱ्याचा घसा असा काही धरतो की पाणीही गिळवत नाही. मग मावशी काय करतात? आधी वरचं आवरण काढतात. आतला पिवळा दाणेदार भाग खुडून टाकतात, कारण खाज तिथे जास्त. उरलेलं बारीक चिरतात आणि आंबटासोबत भरपूर शिजवतात. हे आंबट म्हणजे बहुधा काकडाची फळं. काकड हा पानझडी रानातला वृक्ष. त्याची हिरवी, वाटाण्याहून थोडी मोठी, कमालीची आंबट फळं नेमकी शेवळांच्याच दिवसांत तयार असतात. ठाणे, वसई, दादरच्या बाजारात शेवळं विकणारी बाई जुडीसोबत मूठभर काकडं देते. ती वरकड म्हणून दिलेली नसतात, औषध म्हणून दिलेली असतात. घरातल्या अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका पडतो, त्यामागेही हेच कारण आहे. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळं सोड्यांबरोबर, कोलंबीबरोबर, खिम्याबरोबर शिजतात. रानातला कोंब आणि शहरातली मेजवानी यांना जोडणारी गोष्ट ती काकडं.

शेवळं आणि काकड एकाच मोसमात एकाच रानात असतात, हा जोड कुणाला तरी पहिल्यांदा सुचला असेल. त्या माणसाचं नाव कुठे नोंदलेलं नाही. किती पिढ्यांचे घसे खवखवून हा जोड सापडला असेल, याचा विचार शिबिरातल्या चुलीपुढे बसल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही.

शेवळांसारखाच उतारा इतरांनाही लागतो. बांबूच्या कोवळ्या कोंबांत, म्हणजे वास्त्यांत, सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. म्हणून ते बारीक चिरून पाण्यात ठेवतात, उकळतात, ते पाणी फेकतात. भारंगीची पानं कडू, तीही उकडून पिळून घेतात. रानातल्या कडू कंदांचं प्रकरण याहून अवघड आहे. काही जाती उकडून सरळ खाता येतात. काहींच्या चकत्या करून, राख लावून, वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे विष धुऊन निघतं. या कंदांचं रसायन साधंसुधं नाही. मेक्सिकोतल्या अशाच रानकंदांपासून रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात प्रोजेस्टेरॉन बनवून दाखवलं आणि पुढे संततिनियमनाच्या गोळीचा मार्ग त्यातून मोकळा झाला. कंद शिबिरात पाहावेत, चाखावेत, पण नवशिक्याने स्वतः खणून आणू नयेत. पावसाळ्यात लालपिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांनी लक्ष वेधून घेणारी कळलावी त्याच रानात असते. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं, ते पेशींचं विभाजनच थांबवतं. फुलं गळून पडली, वेल वाळला, आणि मातीत नुसता कंद उरला, तर तो कुणाचा हे सांगणं जाणत्यालाही जड जातं.

फोडशीच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. हिला कुठे कुली, कुठे कुलू म्हणतात. गवतात उगवणारी, पातीच्या कांद्यासारखी दिसणारी, चवीला सौम्य अशी ही भाजी. हिच्याच वंशातली सफेद मुसळी औषधी मुळांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. मुंबईच्या बोरिवलीवरून हे नाव पडलं, सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात ते दिलं. मुळांना बाजारात भाव आला आणि रानातली मुसळी ओरबाडली गेली. पाती खुडली तर झाड पुन्हा फुटतं. मूळ उपटलं की संपलं. कंटोळीचंही तसंच आहे. तिच्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, आणि दोन्ही दरवर्षी जमिनीतल्या जुन्या कंदापासून फुटतात. नर वेलाला फळ धरत नाही म्हणून तो निरुपयोगी समजून उपटला, तर पुढच्या वर्षी शेजारच्या मादी वेलांनाही कंटोळी कमीच लागतात.

शनिवारी संध्याकाळी, पाऊस थांबला असेल तर, शिबिरातली माणसं अळंबी पाहायला निघतात. अळंबी, अळमी, विदर्भात सात्या किंवा टेकोडे. भाजीच्या शिबिरात अळंबीला जागा असली तरी ती वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसतं, सूर्यप्रकाशावर ती अन्न बनवत नाही. कवकांचं नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे. त्यांच्या पेशींची भिंत कायटिनची असते, आणि कोलंबी-खेकड्याचं कवचही कायटिनचंच. आपल्याला दिसते ती छत्री चार दिवसांची. खरं कवक म्हणजे मातीत, लाकडात, पाचोळ्यात पसरलेलं तंतूंचं जाळं. वर्षभर ते तिथेच असतं, फक्त दिसत नाही.

काही कवकांचं ते जाळं अंधारात दिसतं. भीमाशंकरच्या आणि गोव्यातल्या म्हादईच्या रानात भर पावसाळ्यात, चंद्र नसलेल्या रात्री, कुजक्या फांद्या आणि ओला पाचोळा हिरवट उजेड देतो. मायसिना वंशातली कवकं त्याला कारणीभूत असतात. त्यांच्या पेशींतल्या एका द्रव्याचं ऑक्सिजनशी मीलन होतं आणि त्यातून उष्णतेशिवाय प्रकाश बाहेर पडतो. जगात अशा प्रकाशमान कवकांच्या शंभराहून जास्त जाती माहीत आहेत. हा उजेड पाहायचा असेल तर विजेऱ्या बंद करून पंधरा-वीस मिनिटं निमूट उभं राहावं लागतं. डोळे अंधाराला सरावले की आधी एक फांदी दिसते, मग सगळी उतरण.

पण आपल्या मुलखातलं सगळ्यांत मोठं आश्चर्य वारुळावर उगवतं. कोकणात आणि गोव्यात श्रावण-भाद्रपदात जी रोवणाची अळंबी पानांच्या पुड्यांतून विकायला येते, ती कुठल्याही मातीत येत नाही. तिला वाळवी लागते. टर्मिटोमायसिस असं या वंशाचं नाव. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये तो स्थापन केला. दक्षिण भारतात मिळणाऱ्या एका जातीला १९७९ मध्ये त्यांचंच नाव देण्यात आलं. त्याआधी बरोब्बर दोनशे वर्षं, १७७९ मध्ये, तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत काम केलेले योहान गेरहार्ड कोनिग यांनी वारुळातल्या कवकाचं वर्णन केलं होतं. ते लिनियसचे शिष्य. वाळवी शेती करते ही गोष्ट विज्ञानाच्या नोंदीत आली ती भारतातल्या वारुळांवरून.

ही शेती अशी चालते. वाळवीला लाकडातलं आणि पाचोळ्यातलं लिग्निन पचत नाही. कामकरी वाळवी पाचोळा खाते, त्यासोबत कवकाचे बीजाणूही पोटात जातात, आणि बाहेर पडलेल्या विष्ठेचे थर रचून ती वारुळाच्या पोटात कवकाचा मळा तयार करते. हा मळा राखी तपकिरी, अक्रोडाच्या गरासारखा घड्याघड्यांचा असतो. त्यावर कवकाचे तंतू पसरतात, लिग्निन फोडतात, आणि त्यांच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे धरतात. वाळवी ते दाणे खाते. जुना झालेला मळाही खाते, कारण कवकाने तो आता पचण्याजोगा केलेला असतो. वारुळाच्या आतलं तापमान तीस अंश सेल्सियसच्या आसपास राखलं जातं, ओलावा राखला जातो, परकं कवक शिरलं तर ते काढून टाकलं जातं. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या वर्षावनात सुरू झाली. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. आफ्रिकेतल्या झांबियात याच वंशाची एक जात मिळते, तिच्या छत्रीचा व्यास एक मीटरपर्यंत जातो. धिंगरी अळंबी आज पिशव्यांमध्ये घराघरांत वाढवता येते, पण रोवणाच्या अळंबीची व्यापारी लागवड अजून जमलेली नाही. तिचा मळा वाळवीलाच करता येतो.

छत्री वर येते तिच्या वेळेला फार नेमकं कारण आहे. वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे घोंगावू लागतात. ते वाळवीचे नर-मादी. पंख गाळून एकेक जोडी जमिनीत शिरते आणि नवं वारूळ मांडते. त्यांची पहिली कामकरी पिल्लं तयार होऊन बाहेर पडायला काही आठवडे जातात. बहुतेक जातींत या पिल्लांना घरातून बियाणं मिळालेलं नसतं. मळा लावायचा तर बीजाणू बाहेरून आणावे लागतात. नेमक्या त्याच सुमाराला जुन्या वारुळांवर छत्र्या उगवतात, उघडतात आणि लाखो बीजाणू आसपासच्या मातीवर सांडतात. नवी वारुळं त्यावरच उभी राहतात.

हे एकदा समजलं की कळ्या खुडण्याचा प्रश्न किती गंभीर आहे ते कळतं. बाजारात न उघडलेल्या कळीला भाव जास्त. पण उघडण्याआधी खुडलेली अळंबी एकही बीजाणू देत नाही. एका वारुळावरच्या सगळ्या कळ्या काढल्या, तर त्या परिसरातल्या नव्या वाळवीला त्या वर्षी बियाणं नाही. गोवा विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी या अळंबीचा दीर्घ अभ्यास केला आणि ती ओरबाडण्याविरुद्ध सातत्याने इशारे दिले. गोव्यात आणि तळकोकणात वारूळ हे सातेरी देवीचं रूप मानून पुजलं जातं. काही देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच आहे. ज्या वारुळाला हात लावायचा नाही, त्याच्यावरची छत्री उघडून, पिकून, बीजाणू सांडूनच जिरते. इतर वारुळांवरही निदान निम्म्या छत्र्या उघडू द्याव्यात.

रानातून आणलेली अळंबी त्या रात्री शिजवायची नसते. शनिवारच्या रात्री तिचा ठसा घ्यायचा असतो. छत्रीचा देठ कापून ती, पाकळ्यांची बाजू खाली करून, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवतात, वर वाटी पालथी घालतात. सकाळपर्यंत बीजाणू झडून कागदावर छत्रीचा ठसा उमटतो. काळा आणि पांढरा दोन्ही कागद लागतात, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. रोवणाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. पावसाळ्यात बागेतल्या आणि मैदानातल्या हिरवळीवर वर्तुळ करून उगवणारी, मोठी, पांढरी, देखणी छत्री असते क्लोरोफिलम मॉलिब्डाइटिसची. कोवळी असताना तिच्या पाकळ्या पांढऱ्याच असतात, पण ठसा हिरवट येतो. ती खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो.

दुसरी खूण जमिनीखाली असते. अळंबी देठाला धरून ओढायची नाही, बाजूची माती उकरून बुडासकट काढायची. रोवणाच्या अळंबीच्या देठाला मुळासारखी लांब शेपटी असते, ती थेट वारुळातल्या मळ्यापर्यंत जाते. छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, माती भेदून वर येण्यासाठी. याउलट अमानिटा वंशातल्या विषारी छत्र्यांच्या देठाच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण असतं आणि ते मातीतच राहतं. छत्री वरून तोडणाऱ्याला ते दिसतच नाही.

अमानिटाच्या आणि लेपिओटासारख्या आणखी काही वंशांच्या विषारी जातींमधलं अमाटॉक्सिन हे विष शिजवून, वाळवून, मिठात घालून नष्ट होत नाही. ते यकृताच्या पेशींमधलं प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं. खाल्ल्यावर सहा तास, कधी बारा, कधी चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या आणि जुलाब. मग एक-दोन दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामच्या चहाच्या मळ्यांतल्या तेरा जणांचा रानअळंबी खाऊन मृत्यू झाला. ते सगळे रानाशेजारी राहणारे लोक होते. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसणाचा रंग बदलला तर विषारी, किडे खातात म्हणजे सुरक्षित, या समजुती सर्रास ऐकू येतात आणि त्यांतली एकही खरी नाही. किड्यांना आपल्यासारखं यकृतच नसतं. म्हणून माझं मत पक्कं आहे. दोन दिवसांच्या शिबिरात अळंबी पाहावी, ठसा घ्यावा, बूड तपासावं. पातेल्यात घालावी ती फक्त त्या गावातल्या माणसाने त्याच्या ओळखीच्या वारुळावरून आणलेली.

कुणी रानअळंबी खाल्ल्यावर त्रास होऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसू नये. उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून सोबत घ्यावी, खाल्ल्याची वेळ लिहून ठेवावी आणि लगेच मोठं रुग्णालय गाठावं. त्रास उशिरा सुरू झाला असेल तर घाई जास्त करावी. यासाठी शिजवण्यापूर्वी एखादी अळंबी नेहमी बाजूला काढून ठेवावी.

रान कुणाचं, हेही शिबिराला जाणाऱ्याने समजून घ्यायला हवं. राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत काहीही खुडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. इतर जंगलांत गौण वनोपजावर तिथे राहणाऱ्या आदिवासींचा आणि पारंपरिक वननिवासींचा हक्क २००६ च्या वन हक्क कायद्याने मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वन हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांपैकी ते एक. शहरातल्या पाहुण्याने टोपली भरून न्यावी यासाठी हा हक्क नाही. रान दाखवणाऱ्या मावशींना दिवसाचं मानधन द्यावं, भाजी त्यांच्याकडूनच विकत घ्यावी, आणि कापडी पिशवी सोबत न्यावी.

तुम्ही येत्या आषाढात जाणार असाल, तर शिबिराआधीच घराजवळच्या पडीक जागेत टाकळा शोधा. पानांच्या जोड्या मोजा. भाजी करून खा, पण एक रोप न तोडता ठेवा. भाद्रपदात त्याला पिवळी फुलं येतील, आश्विनात बारीक, वाकडी, लांब शेंग धरेल. शेजारी कासविंदा असला तर त्याची रुंद, चपटी शेंगही बघा आणि घरातल्या मुलांना ती दाखवून हात लावू नका म्हणून बजावा.